बत्तीस अंशांचं जेल आणि मराठवाड्याचा उन्हाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय शोधणारे विद्यार्थी आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यातल्या प्लेटिंग (धातूचा मुलामा चढवणाऱ्या) युनिटमध्ये ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा सांभाळता सांभाळता काहीतरी नवं करून बघावं असं वाटणारे लोक, या दोघांसाठी हा लेख आहे. पॉलिमरमधलं काही येत नसलं तरी चालेल. बारावीचं रसायनशास्त्र आणि वजनकाटा नीट वापरायची सवय एवढं पुरे. लेखाच्या शेवटी तुमच्या हातात तांबं धरणारं एक जेल असेल आणि ते किती धरतं याचा खरा आकडा असेल.

मुळात अडतं कुठे

मोटारींच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करणाऱ्या युनिटमध्ये भाग प्लेटिंगच्या टाकीतून निघतो आणि धुण्याच्या टाक्यांतून जातो. त्या धुण्याच्या पाण्यात तांबं, निकेल, जस्त, क्रोमियम उतरतं. त्यावरचा रुळलेला उपाय म्हणजे चुना किंवा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून पीएच साडेआठ-नऊच्या वर न्यायचा, धातूंचे हायड्रॉक्साइड खाली बसू द्यायचे, गाळ फिल्टर प्रेसमधून काढायचा आणि रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवायचा. हा उपाय चांगला आहे, स्वस्त आहे. त्याला नावं ठेवून कुणी जेलचा प्रोजेक्ट सुरू करत असेल तर पहिल्या प्रश्नातच अडकेल.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे गाळात चार धातू एकत्र झाले की त्यातून एकही परत मिळवणं परवडत नाही. दुसरी शेवटच्या काही मिलिग्रॅमची. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी देशाच्या सर्वसाधारण मानकांत तांब्याला लिटरमागे ३ मिलिग्रॅम, निकेलला ३, जस्ताला ५, षट्संयुजी क्रोमियमला ०.१ आणि शिशाला ०.१ अशी मर्यादा आहे. पाण्यात अमोनिया किंवा ईडीटीएसारखं धातूला धरून ठेवणारं काही असलं की चुन्याने या मर्यादेपर्यंत पोचताना दमछाक होते. खाम नदी शहरातून वाहत पुढे गोदावरीला, जायकवाडीच्या पाण्याला मिळते आणि तेच पाणी आपण पितो. तेव्हा हे शेवटचे मिलिग्रॅम नुसते कागदावरचे नाहीत.

तापमानाला प्रतिसाद देणारी जेलं या दोन जागी बसू शकतात. एकाच धातूचं धुण्याचं पाणी वेगळं घेऊन त्यातला धातू थोडक्या पाण्यात गोळा करायचा, किंवा चुन्याच्या प्रक्रियेनंतर उरलेलं टिपून घ्यायचं. सगळ्या ईटीपीला पर्याय म्हणून त्यांचा विचार करू नका.

जेल करतं काय

या क्षेत्रातला सगळ्यात ओळखीचा पदार्थ म्हणजे पॉली एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलामाइड. प्रयोगशाळेत त्याला नुसतं पीनायपॅम म्हणतात. त्याच्या साखळीवर दोन स्वभावांचे गट शेजारी शेजारी असतात. अमाइड गटाला पाणी हवं असतं, तो पाण्याशी हायड्रोजन बंध करतो. आयसोप्रोपिल गटाला पाणी नको असतं. थंडीत अमाइडची सरशी होते आणि साखळी पाण्यात पसरते. साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या वर पाण्याची बांधून ठेवलेली रचना सुटते, पाणी न आवडणारे गट एकमेकांना चिकटतात आणि साखळी गोळा होते. हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये या पॉलिमरच्या द्रावणाचं हे वागणं मांडलं. जेल परिस्थिती बदलली की एकदम आकुंचन पावतं हे एमआयटीतल्या तोयोइची तानाका यांनी १९७८ मध्ये दाखवलं, तेव्हा त्यांचं जेल साध्या पॉलीॲक्रिलामाइडचं होतं.

जेल म्हणजे याच साखळ्या मधूनमधून एकमेकींना गाठ मारून केलेलं जाळं. विरघळत नाही, फुगतं आणि आक्रसतं. थंड पाण्यात फुगलेला पारदर्शक तुकडा गरम पाण्यात टाकला की पांढरा पडतो आणि अंगातलं पाणी बाहेर टाकतो.

पण साधं पीनायपॅम तांब्याला जवळजवळ विचारत नाही. धातू धरण्यासाठी साखळीत दुसरा गट गुंफावा लागतो. सुरुवातीला ॲक्रिलिक ॲसिड बरं, कारण ते मिळतं आणि त्याच्या कार्बॉक्सिल गटांचा हिशेब सोपा आहे. दोन कार्बॉक्सिलेट मिळून तांब्याचा एक आयन धरतात असं समजून चालू.

तापमानाचा यात उपयोग काय, यावर नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. आक्रसताना धातू धरणारे गट एकमेकांजवळ येतात. म्हणून काही जेलं, विशेषतः धातूचा साचा ठेवून बनवलेली, गरम असताना धातू घट्ट धरतात आणि थंड केल्यावर सैल सोडतात. उलट काही जेलं फुगलेली असताना जास्त धरतात, कारण आक्रसल्यावर आतल्या गटांपर्यंत आयन पोचतच नाहीत. तुमचं जेल यातलं कुठलं हे वाचून ठरवू नका, मोजून ठरवा. आणि तापमानाने सगळा धातू सुटून येईल अशी आशाही धरू नका. कार्बॉक्सिलला चिकटलेलं तांबं पूर्ण काढायला शेवटी सौम्य आम्ल लागतं. तापमानाचा खात्रीचा फायदा वेगळाच आहे. आक्रसलेल्या जेलात पाणी कमी राहतं, त्यामुळे ते धुवायला आम्लही थोडकंच लागतं आणि निघणारं द्रावण दाट मिळतं.

आधी थर्मामीटर, मग बाकीचं

जगभरच्या शोधनिबंधांत ‘खोलीच्या तापमानाला जेल फुगवलं’ असं वाक्य येतं. ती खोली २०-२५ अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर जातो, आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्यात टाकलेलं पीनायपॅम फुगणारच नाही. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा ५ अंशांखालीही गेलेला आहे. म्हणजे ३२ हा आकडा आपल्या हवामानाच्या बरोबर मध्यावर पडतो. एकच प्रयोग डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये केला, नोंदवहीत दोन्हीकडे ‘खोलीचं तापमान’ लिहिलं, की निकाल परस्परविरोधी येतात आणि विद्यार्थी रसायनांवर संशय घेत बसतो.

म्हणून नियम एकच: नोंदवहीत ‘खोलीचं तापमान’ हे शब्द लिहायचे नाहीत. प्रत्येक मापनाशेजारी द्रावणात बुडवलेल्या थर्मामीटरचा आकडा लिहायचा. हवेचा नाही, द्रावणाचा.

उन्हाळ्यात काम करायचं असेल तर थंड बाजू सांभाळणं हीच मोठी मेहनत आहे. वॉटर बाथ गरम करतो, थंड करत नाही. थर्माकोलच्या खोक्यात पाणी, त्यात बर्फाच्या बाटल्या, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने तापमान बघणं, एवढ्यात २० अंश बऱ्यापैकी टिकतात. वीज गेली तरी खोकं तासभर दगा देत नाही, हा वरचा फायदा. शक्य असेल तर हा प्रोजेक्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. सत्राचं वेळापत्रक तसं जुळत नसेल तर गोष्ट वेगळी.

सामान

नायपॅम (ज्याची साखळी म्हणजे पीनायपॅम), ॲक्रिलिक ॲसिड, साखळ्यांना गाठ मारणारं मिथिलीन बिस ॲक्रिलामाइड (यापुढे बिस), अभिक्रिया सुरू करणारं अमोनियम परसल्फेट आणि तिला वेग देणारं टेमेड, सोडियम हायड्रॉक्साइड, तांब्याचं सल्फेट म्हणजे साधा मोरचूद पण शुद्ध प्रतीचा, आणि ऊर्ध्वपातित पाणी. उपकरणांत एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, पीएच मीटर, वॉटर बाथ, ढवळणी, नायट्रोजनचं सिलिंडर. सिलिंडर नसेल तर पाणी दहा-पंधरा मिनिटं उकळून, झाकून, थंड करून वापरता येतं. जेल धरेल, फक्त वेळ जास्त लागेल आणि दर बॅच थोडी वेगळी निघेल.

नायपॅम महाग आहे. त्यामुळे दहा ग्रॅमच्या बाटलीतून काय काय करायचं हे आधी कागदावर मांडा.

हातमोजे आणि गॉगल घालूनच काम करा. जेल तयार झाल्यावर निरुपद्रवी वाटतं, पण त्याआधीची ॲक्रिलामाइड कुळातली मोनोमर, म्हणजे साखळीच्या सुट्या कड्या, त्वचेतून आत जाणारी आणि मज्जासंस्थेला त्रास देणारी आहेत. पूड तोलताना पंखा बंद. टेमेडच्या वासाने डोकं धरतं, ती बाटली हूडखालीच उघडा.

जेल लावणं

दोन जेलं करा. एक साधं, ॲक्रिलिक ॲसिड न घातलेलं, त्याला ‘अ’ म्हणू. दुसरं ॲक्रिलिक ॲसिड घातलेलं, ‘ब’. बरेच जण ‘अ’ करत नाहीत, कारण ते धातू धरत नाही मग कशाला, असं वाटतं. त्याच्याशिवाय ‘ब’चा एकही आकडा छातीठोकपणे सांगता येणार नाही. का, ते पुढे येईलच.

‘ब’चं प्रमाण असं घ्या: नायपॅम १ ग्रॅम, ॲक्रिलिक ॲसिड ७० मिलिग्रॅम, बिस ३० मिलिग्रॅम, एकूण पाणी १० मिली. मोलच्या हिशेबात ॲक्रिलिक ॲसिड शेकडा १० आणि बिस शेकडा २ च्या आसपास येतं. आधी ॲक्रिलिक ॲसिड थोड्या पाण्यात घेऊन १ नॉर्मल कॉस्टिकने उदासीन करा, साधारण १ मिली लागेल. ही पायरी गाळू नका. टेमेड हा अल्कली आहे. आम्लात तो निकामी होतो आणि जेल धरायला उशीर लागतो किंवा धरतच नाही.

मग त्यात नायपॅम आणि बिस विरघळवा, पाणी १० मिलीपर्यंत भरा, बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून अर्धा तास नायट्रोजन सोडा. शेवटी १० मिलिग्रॅम परसल्फेट थेंबभर पाण्यात विरघळवून आणि २० मायक्रोलिटर टेमेड घालून हलकेच फिरवा. आता घाई करायची. द्रावण ५ मिलीच्या इंजेक्शनच्या सिरिंजांमध्ये ओढून घ्या, हवा काढून टाका, तोंड बंद करा आणि सिरिंजा थंड पाण्यात, १० ते १५ अंशांत, रात्रभर आडव्या ठेवा.

थंडच का? ही अभिक्रिया स्वतः उष्णता सोडते. द्रावण तिशी ओलांडून गेलं की तयार होणारी साखळी तिथल्या तिथे गोळा व्हायला लागते आणि जेल काचेसारखं न होता दुधाळ, ठिसूळ निघतं. एप्रिलमध्ये उघड्या टेबलावर लावलेलं जेल पांढरं निघालं तर त्यात रसायनाचा दोष शोधू नका.

दुसऱ्या दिवशी सिरिंजचं टोक ब्लेडने कापून दांडा दाबला की जेलची कांडी सरळ बाहेर येते. तिच्या २ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. जाडीचा आग्रह उगाच नाही. जेल फुगायला किंवा आक्रसायला लागणारा वेळ आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चकती दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट. शिवाय जाड तुकडा एकदम गरम पाण्यात टाकला तर बाहेरचा थर आधी आक्रसून घट्ट साल तयार होते आणि आतलं पाणी तासन् तास कोंडून राहतं. बोटाच्या पेराएवढे तुकडे घेऊन ‘जेल काम करत नाही’ म्हणणारे इथेच फसलेले असतात.

चकत्या ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून ठेवा आणि आठवडाभर रोज पाणी बदला. अभिक्रियेत न उतरलेलं मोनोमर असंच निघतं. ते राहिलं तर आपण सांडपाण्यातून तांबं काढून त्यात ॲक्रिलामाइडचा भाऊबंद सोडू. मग काही चकत्या ४० अंशांच्या आसपास वाळवून, वजन स्थिर झाल्यावर, बंद बाटलीत ठेवा.

जेल वळतं कुठे ते बघणं

‘अ’ची चकती परीक्षानळीत पाण्यासह घ्या, २० अंशांपासून सुरू करा, दोन-दोन अंश वाढवा, प्रत्येक टप्प्यावर तासभर थांबा, चकती टिपकागदावर टेकवून वजन करा. फुगलेल्या वजनातून कोरडं वजन वजा करून कोरड्या वजनाने भागलं की फुगण्याचं प्रमाण मिळतं. त्याचा आलेख ३२ च्या आसपास कोसळायला हवा.

आता तीच तऱ्हा ‘ब’वर करा. ऊर्ध्वपातित पाण्यात ते अवाढव्य फुगेल आणि ३२ ला काहीच करणार नाही. बिघडलेलं नाही ते. कार्बॉक्सिलेटवरचे ऋण भार एकमेकांना दूर ढकलतात, साखळी गोळा होऊ देत नाहीत. पीएच ४ च्या खाली आणा किंवा तांब्याच्या द्रावणात ठेवा, भार झाकले जातात आणि आक्रसणं परत दिसू लागतं. तांबं धरल्यावर चकती निळसर होऊन लहान होताना दिसते, ते मुद्दाम थांबून बघण्यासारखं आहे.

क्षारांचा परिणाम इथेच तपासून घ्या. सल्फेट हे पाणी स्वतःकडे ओढणारं असल्याने वळणबिंदू, म्हणजे जेल आक्रसायला लागतं ते तापमान, काही अंशांनी खाली येतो. प्लेटिंगच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात ३२ ला वळणारं जेल प्रत्यक्ष सांडपाण्यात २८ लाच आक्रसलेलं असू शकतं. आपल्या हवेत याचा अर्थ वर्षातले बरेच महिने ते फुगणारच नाही. वळणबिंदू वर हवा असेल तर साधं ॲक्रिलामाइड किंवा डायमिथिल ॲक्रिलामाइडसारखं पाणी आवडणारं मोनोमर थोडं मिसळतात. किती, ते तीन वेगवेगळ्या प्रमाणांच्या छोट्या बॅचेस करून ठरवा. माझं मत विचाराल तर मराठवाड्यात वापरायचं जेल चाळिशीच्या आसपास वळणारं हवं. शोधनिबंधात ३२ आहे म्हणून आपणही ३२ ला धरून बसायचं कारण नाही.

तांबं धरतं किती

साठवणीचं द्रावण करा: ३.९३ ग्रॅम मोरचूद एक लिटर पाण्यात, म्हणजे लिटरमागे १००० मिलिग्रॅम तांबं. ते दहापट पातळ करून १०० मिलिग्रॅमचं घ्या. पीएच ५ ठेवा. साडेपाच-सहाच्या पुढे तांब्याचं हायड्रॉक्साइड स्वतःहूनच खाली बसायला लागतं. जेलने काहीच न करता तांबं ‘कमी’ झालेलं दिसतं. फार मोठ्या क्षमतेचे दावे वाचलेत की आधी तिथला पीएच बघा.

चार शंकुपात्रं लावा. प्रत्येकात १०० मिली द्रावण. पहिल्यात जेल नाही. दुसऱ्यात ‘अ’. तिसऱ्या आणि चौथ्यात ‘ब’, प्रत्येकी कोरड्या वजनाने पाव ग्रॅम. पहिली तीन २० अंशांवर, चौथं ४५ अंशांवर. गरम बाजूलाही बिनजेलचं एक पात्र जोडीला ठेवा. सगळ्यांना झाकण लावा आणि आधी-नंतर पात्राचं वजन करा, कारण आपल्या कोरड्या हवेत ४५ अंशांवर रात्रभरात बरंच पाणी उडून जातं आणि तांब्याचा आकडा वर चढतो. दिवसभर हलवत ठेवा.

आता ‘अ’ कशासाठी ते बघा. पाव ग्रॅमचं जेल वीसपट फुगून येतं तेव्हा त्याच्या पोटात ५ मिली पाणी असतं. ते १०० मिली द्रावणात टाकलं की द्रावण नुसतं पातळ होऊनच तांबं जवळजवळ ५ टक्के कमी दिसतं. जेल कोरडं टाकलं तर उलट ते पाणी ओढून घेतं. हा खोटा फरक ‘अ’ दाखवतो, ‘ब’मधून तो वजा करायचा.

समजा ‘ब’च्या पात्रात तांबं १०० वरून ४० वर आलं. ६० मिलिग्रॅम गुणिले ०.१ लिटर म्हणजे ६ मिलिग्रॅम, भागिले ०.२५ ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे २४ मिलिग्रॅम. हा आकडा बरोबर वाटतो का? ‘ब’मध्ये ॲक्रिलिक ॲसिड ०.९७ मिलिमोल आहे. दोन गटांना एक तांबं धरलं तर ०.४९ मिलिमोल, म्हणजे ३१ मिलिग्रॅम, आणि जेलचं एकूण वजन १.१ ग्रॅम. कमाल क्षमता ग्रॅममागे २८ मिलिग्रॅम. २४ शक्य आहे. ६० आलं तर आनंदून जाऊ नका, पीएच तपासा.

मोजमापाबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक प्रोजेक्ट इथे कच्चे राहतात. अमोनिया घालून येणारा गडद निळा रंग डोळ्यांना मोहक असतो, पण लिटरमागे १०० मिलिग्रॅम तांब्यालाही तो एक सेंटिमीटरच्या नळीत प्रकाशाचं ०.१ सुद्धा शोषण देत नाही. त्याने ३ मिलिग्रॅमची मर्यादा तपासता येणार नाही. निओक्यूप्रॉइन हे तांब्याशी रंग देणारं अभिकर्मक वापरा: तांबं हायड्रॉक्सिलॅमिनने एकसंयुजी करून घेतलं की पिवळा रंग येतो, तो ४५७ नॅनोमीटरला मोजायचा, ५ मिलिग्रॅमला साधारण ०.६ शोषण मिळतं. नमुने पातळ करावे लागतात एवढंच. एएएस (अणुशोषण वर्णपटमापक) मिळालं तर उत्तम, तिथे तांब्याची रेषा ३२४.८ नॅनोमीटरची. आपल्या महाविद्यालयात नसेल तर शहरातल्या विद्यापीठात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे विचारा. मातीतलं जस्त, लोह, तांबं ही सूक्ष्म अन्नद्रव्यं एएएसवरच मोजतात, त्यामुळे कृषी रसायनशास्त्राच्या लोकांचा त्यात हात बसलेला असतो. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा, नमुने गाळून आणि दोन थेंब नायट्रिक आम्ल घालून न्या.

सोडवणं आणि पुन्हा वापरणं

तांबं धरलेल्या चकत्या गाळून घ्या, ४५ अंशांच्या थोड्या पाण्यात तासभर ठेवा. आक्रसून पाणी टाकतील. ते पाणी मोजा, त्यात तांबं किती आलं तेही मोजा. मग त्या आक्रसलेल्या चकत्या १० मिली ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात घाला. निळा रंग चकतीतून द्रावणात उतरेल. धरलेलं आणि सुटलेलं यांची बेरीज जुळवा. १०० मिलीतलं ६ मिलिग्रॅम तांबं आता १० मिलीत आलेलं असेल, म्हणजे लिटरमागे ६०० च्या आसपास. प्लेटिंगवाल्याला रस वाटेल तो या आकड्यात.

चकत्या धुऊन, सौम्य कॉस्टिकने पुन्हा सोडियम रूपात आणून, हीच फेरी पाच वेळा करा. क्षमता उतरत जाते की टिकते, चकत्या तडकतात का, हे लिहून ठेवा. एका फेरीचा देखणा आकडा कुणालाही काढता येतो.

खऱ्या पाण्याकडे वळताना

ऊर्ध्वपातित पाण्यात जेल चाललं म्हणजे बोअरच्या पाण्यात चालेल असं नाही. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. काठिण्य लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असेल तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ५ मिलिमोल येतं. १०० मिलिग्रॅम तांबं म्हणजे फक्त १.६ मिलिमोल. कार्बॉक्सिल गट तांब्याला जास्त पसंती देतात हे खरं, पण रांगेत कॅल्शियम तिप्पट उभं असतं. म्हणून तांब्याचं द्रावण एकदा बोअरच्या पाण्यात करून सगळा प्रयोग पुन्हा करा. क्षमता फारच पडली तर ॲक्रिलिक ॲसिडऐवजी नायट्रोजनने धरणारं व्हिनाइल इमिडाझोल वापरून बघा, त्याला कॅल्शियममध्ये रस नसतो.

षट्संयुजी क्रोमियमवर हे जेल लावू नका. ते पाण्यात क्रोमेट म्हणून, म्हणजे ऋण भार घेऊन असतं, कार्बॉक्सिलेट त्याला दूरच सारेल. त्याला आधी आम्लात मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी करावं लागतं, किंवा धन भाराचं वेगळं जेल लागतं.

आता सगळ्यात गंभीर सूचना. तांबं आणि जस्ताचं प्लेटिंग काही ठिकाणी सायनाइडच्या टाकीत होतं. ते पाणी आम्लाच्या संपर्कात आलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो माणूस मारतो. नमुना घेण्याआधी युनिटच्या केमिस्टला सरळ विचारा, ‘टाकी सायनाइडची की आम्लाची?’ उत्तर ठाम मिळालं नाही तर तो नमुना घ्यायचा नाही. ही गोष्ट संकोचाने सोडून देण्याची नाही. नमुना महाविद्यालयाच्या पत्रावर, मालकाच्या परवानगीने आणि मिश्र गटाराऐवजी एकाच टाकीच्या धुण्याच्या पाण्यातून घ्या. नाल्यातून बाटली भरून आणली तर त्यात काय काय आहे हे कळणार नाही आणि निकालाला अर्थ राहणार नाही.

मोठ्या प्रमाणावर नेण्याची स्वप्नं पडायला लागली की एक हिशेब करा. हजार लिटर पाणी २८ वरून ४५ अंशांवर न्यायला जवळपास २० युनिट वीज लागते. रोजच्या सांडपाण्यासाठी ते कुणी करणार नाही. म्हणून सांडपाणी आहे त्या तापमानाला जेलवरून जाऊ द्यायचं आणि नंतर फक्त जेल, बादलीभर पाण्यात, गरम करायचं. त्या बादलीला गच्चीवरचं सौर बंब पुरतं. मऊ जेल कॉलममध्ये भरलं तर फुगून वाट बंद करतं, तेव्हा नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत सैल भरा किंवा कापडावर, वाळूवर चढवलेलं जेल करा. कापसाच्या कापडावर पीनायपॅम चढवणं हा वेगळा आणि आपल्या भागाला साजेसा प्रोजेक्ट होईल.

मालक किंमत विचारेल. बाजारात तयार मिळणारी धातू धरणारी रेझिनं आज पीनायपॅमपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आहेत, हे त्याला लपवू नका. जेलच्या बाजूने बोलणारी गोष्ट म्हणजे कमी आम्ल आणि दाट द्रावण. तेवढीच मांडा, आपल्या पाच फेऱ्यांच्या आकड्यांसह.

प्रयोग संपल्यावर तांब्याची सगळी द्रावणं एका कॅनमध्ये जमा करा, चुन्याने पीएच ९ ला नेऊन गाळ बसू द्या, वरचं पाणी तपासून मगच सोडा. गाळ आणि वापरलेल्या चकत्या वाळवून, लेबल लावून, ज्या युनिटकडे घातक कचऱ्याची परवानगी आहे त्यांच्या गाळासोबत देण्याची सोय आधीच बोलून ठेवा. फुगलेल्या चकत्या सिंकमध्ये टाकू नका. मे महिन्यात त्या पाइपात आक्रसून निघूनही जातील, पण डिसेंबरात तिथेच फुगून बसतात.